ज्वारीएवढा मणी

चार जुलैला जोडून लाँग वीकेंड आला तेव्हा मी आधीच जाहीर करून टाकलं की यंदा नायगारा नाही, पोकोनोज नाही, आणि कुणाच्या तरी बॅकयार्डात मक्याची कणसं भाजत ग्रीन कार्डचं पुराण ऐकणं तर अजिबातच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी माणसांचा उन्हाळा कसा जातो हे ज्यांना माहितीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. मला तळं पाहिजे होतं, झाडी पाहिजे होती आणि चार-साडेचार तासांच्या वर गाडीत बसायचं नव्हतं. ऑफिसातल्या एकीने फिंगर लेक्स सुचवलं. मॅप उघडून बघितला तर न्यूयॉर्क स्टेटच्या मधोमध अकरा लांबुळकी तळी, जवळजवळ एकमेकांना समांतर, अंगण सारवताना शेणात बोटं ओढली की उमटतात ना तशी. मी बुकिंग करून टाकलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. (आमच्याकडे निर्णय असेच होतात.)

तो म्हणाला, "तिथं वाईनरीज आहेत ना?"

"आहेत की. शंभराच्या वर आहेत."

"म्हणजे द्राक्षं."

"मग काय फणसाची करतील वाईन?"

यावर तो काहीच बोलला नाही, लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

आता थोडं मागचं सांगायला पाहिजे. मी डोंबिवलीची. द्राक्षं म्हणजे मार्चमध्ये स्टेशनबाहेर गाडीवर पाव किलो घ्यायची वस्तू, आंबट निघाली तर गाडीवाल्याला शिव्या द्यायच्या, विषय संपला. नवरा निफाड तालुक्यातला, एकुलता एक मुलगा, बहीण सिन्नरला दिलेली. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा मी बागेकडे बघून "किती छान वेली आहेत" म्हणाले तर सगळं घर हसलं. वेल नाही म्हणायचं, झाड म्हणायचं. चार एकर थॉमसन, म्हणजे बिनबियांची खायची द्राक्षं. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात झाड नुसती काडी तयार करतं, आणि ऑक्टोबरात फळासाठी छाटणी. आपल्याकडे बर्फाची थंडी नाही त्यामुळे झाड झोपतच नाही नीट, आणि न झोपलेलं झाड सगळे डोळे (म्हणजे जिथून फूट येते त्या जागा) एकदम उघडत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, बायका हातमोजे घालून एकेक डोळा पुसत जातात. मग विरळणी, मग जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगावा म्हणून घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे. हे सगळं मला सासऱ्यांनी शिकवलं, म्हणजे नानांनी. नवऱ्याने यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही.

नाना माळकरी. २००१ मध्ये राज्य सरकारचं वाईनचं धोरण आलं, नाशिकच्या आसपास वाईनच्या द्राक्षांची लागवड वाढली, कंपन्यांशी करार व्हायला लागले, तेव्हा त्यांनाही लोक म्हणाले की दोन एकर लावून बघा, भाव आधीच ठरलेला, व्यापाऱ्याच्या दारात जायला नको. नाना म्हणाले, गळ्यात तुळशीची माळ घालून दारूची द्राक्षं लावू का? नवरा तेव्हा कॉलेजात होता. दोघांचं त्यावरून खूप वाजलं म्हणे. मग हा इंजिनिअर झाला, पुणे, मग इकडे.

आणि दोन वर्षांपूर्वी नानांनी बाग तोडली. लागोपाठ दोन सीझन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस, आणि तिसऱ्या वर्षी माल चांगला आला तर व्यापारी माल उचलून गेला आणि त्याचा फोनच बंद. जेसीबी आला, अर्ध्या दिवसात सगळं आडवं. फोनवर नाना म्हणाले, "झालं एकदाचं. मांडवाची अँगल-तार भंगारवाल्याला देऊन टाकली. आता मका लावू." नवरा "बरं झालं" म्हणाला आणि मीटिंगला गेला. त्यानंतर आमच्या घरात द्राक्षं आलेली नाहीत. सुपरमार्केटमध्ये डबा दिसला तर उचलून, उलटा करून घडाचा देठ हिरवा आहे का वाळलाय ते बघतो, आणि परत ठेवून देतो.

तर अशा माणसाला घेऊन मी वाईन रीजनला निघाले होते.

सकाळी सहाला निघालो. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं, चिवड्याची मोठी पिशवी. ८० नंबर हायवेने डेलावेअर वॉटर गॅप, मग स्क्रँटन, मग बिंगहॅम्टन, आणि मग एकदम रस्ता रिकामा होतो आणि दोन्हीकडे लाल रंगाची धान्याची कोठारं आणि गवत दिसायला लागतं. वॉटकिन्स ग्लेनला सेनेका लेकचं दक्षिणेचं टोक आहे, गावाचा मेन रोड सरळ जाऊन पाण्यात संपतो असं वाटतं. मोटेल ठीक होतं, एसी बोटीच्या इंजिनासारखा आवाज करायचा आणि गार मात्र करायचा नाही, असो.

तिथला गॉर्ज लोक सांगतात तसाच आहे, १९ धबधबे, ८०० च्या वर पायऱ्या, एका धबधब्याच्या मागून वाट जाते. सुंदर आहे, गर्दी आहे, मांड्या भरून येतात. फोटो काढले. पुढे.

दुपारी तळ्याच्या पूर्वेच्या काठाने ४१४ नंबरच्या रस्त्याने निघालो. उजवीकडे चढ, डावीकडे उतार, आणि उतारावर थेट पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या द्राक्षांच्या ओळी. मी विचारलं की सगळे उतारावरच का लावतात, नांगरायला किती त्रास. आणि मला वाटलंही नव्हतं, हा बोलायला लागला. म्हणाला, गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली घरंगळत जाते, झाडात थांबत नाही. "आणि खाली तळं आहे ना, तीच खरी गंमत." म्हणजे याने गुपचूप वाचून ठेवलं होतं सगळं! सेनेका लेक ६१८ फूट खोल आहे, हिमनदीने खरवडून काढलेलं, इतकं खोल की त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. एवढं पाणी हिवाळ्यात सहसा गोठतच नाही. उन्हाळाभर तापलेलं पाणी थंडीत हळूहळू ऊब सोडत राहतं, आणि वसंतात उलटं, पाणी गार असतं म्हणून काठावरची झाडं उशिरा फुटतात आणि उशिराच्या हिमात सापडत नाहीत. काठापासून लांब गेलं की हीच झाडं मरतात.

"निफाडला असं तळं असतं तर," मी म्हटलं.

"निफाडला शेकोट्या असतात," तो म्हणाला.

खरंय. डिसेंबर-जानेवारीत टीव्हीवर 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, लोक कौतुकाने बघतात, आणि तिथे नाना पहाटे तीनला बागेत जागोजाग शेकोट्या पेटवत फिरत असायचे, कारण पाणी उतरलेल्या मण्याला त्या थंडीत तडे जातात. नवरा लहानपणी त्यांच्याबरोबर जायचा. हे त्याने मला लग्नाच्या नऊ वर्षांनी, ४१४ नंबरच्या रस्त्यावर सांगितलं.

पहिल्या वाईनरीत गेलो तर गर्दी, बुकिंग आहे का वगैरे. दुसरीत जागा मिळाली. लाकडी काउंटर, समोर मोठी काच, काचेतून तळं. परत गाडी चालवायची होती म्हणून मी घोट घेऊन बाकीचं त्या ठेवलेल्या भांड्यात ओतत होते, ते करताना जिवावर येत होतं, आपल्याकडे पानात टाकायचं नाही ही शिकवण. इथलं मुख्य पीक रीसलिंग, पांढरी वाईन, मूळ जर्मनीकडची. ड्राय, सेमी-ड्राय, गोड अशी ओळीने पाच ओतली. ड्राय वाईनने जीभ आवळली, सेमी-ड्राय आवडली. मग तिथल्या मुलीने एक जुनी बाटली काढली, म्हणाली याचा वास घे आणि सांग कसला. मी वास घेतला आणि एकदम आजीचं स्वयंपाकघर. रॉकेल! चक्क रॉकेल, पितळी स्टोव्हला पंप मारताना यायचं ते. मला वाटलं खराब झालीय. तर म्हणे नाही, जुन्या रीसलिंगला असा वास येतो, जाणकार लोक तो शोधत असतात. मी नवऱ्याला म्हटलं, आम्ही रेशनच्या लायनीत उभं राहून घ्यायचो.

तो हसला, पण प्यायला नाही. माळ त्याच्या गळ्यात नाही, ऑफिसच्या पार्टीत बिअर घेतो, पण द्राक्षाचं काही नाही. थोड्या वेळाने बघते तर शेजारच्या खुर्चीत नाहीच.

काचेतून दिसला. बाहेर ओळीच्या टोकाला उकिडवा बसला होता आणि एका झाडाच्या बुंध्याजवळची माती बोटाने उकरत होता.

मला आधी लाजच वाटली, कुणी बघितलं तर काय म्हणेल. बाहेर गेले तर तिथला एक म्हातारा माणूस, हॅट घातलेला, बहुतेक बागेतच काम करणारा, आधीच त्याच्याजवळ पोचला होता आणि दोघं बोलत होते. नवऱ्याला कलमाची गाठ बघायची होती. प्रत्येक झाडाला खाली एक गाठ असते, गाठीच्या खालचं झाड वेगळं आणि वरचं वेगळं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून एक बारीकशी कीड युरोपात गेली आणि तिने तिकडच्या बागाच्या बागा मुळापासून खाल्ल्या. अमेरिकन रानद्राक्षांच्या मुळांना तिची सवय होती, म्हणून मग जगभर अमेरिकन मुळावर युरोपियन डोळा असं कलम भरायला लागले. आणि आमच्या निफाडला? तिथं थॉमसन भरलेली असते डॉगरिजवर, आणि डॉगरिज म्हणजे टेक्सासमधल्या रानद्राक्षाचं मूळ. नानांच्या चारही एकराखाली टेक्सास होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे बघ ना, मुळं अमेरिकेची आणि वर..." मी सुरू केलं.

"आलं. ब्लॉगला मिळालं तुला काहीतरी," तो म्हणाला. "भुरी आणि डाऊनी, द्राक्षाचे दोन्ही रोग पण इथूनच गेलेत आपल्याकडे. ते पण लिही."

लिहिलं.

म्हाताऱ्याने सांगितलं की थंडीच्या आधी ते या गाठीवर माती चढवतात, पुरून टाकतात जवळजवळ, आणि वसंतात परत उकरून काढतात. माती हे पांघरूण. गाठीच्या वर झाड मेलं तरी चालतं, गाठ जगली की पुन्हा फूट येते. आणि मग नवऱ्याने विचारलं जे मी शंभर वर्षं बघून विचारलं नसतं, की प्रत्येक झाडाला दोन दोन खोडं का? एक जाड, सालपटं निघालेलं, आणि शेजारी एक बारीक, तरणं. म्हातारा खूश झाला. म्हणाला, थंडीत एक गेलं तर एक राहतं. दर थोड्या वर्षांनी खालून नवीन खोड तयार करत राहायचं. २०२३ च्या १८ मेला इथे उशिराचं हिम पडलं, तोवर कोवळी फूट आलेली, एका रात्रीत काळी पडली. हे सांगताना त्याने हात जसा झटकला ना, तो मी पाहिलाय आधी, गारपिटीनंतर.

मी एक घड हातात घेतला. हिरवे, टणक, बारीक मणी. निफाडला जुलैत घड बघायला मिळत नाही, तेव्हा काडी तयार होत असते. नवऱ्याने दोन बोटांत मणी धरला, म्हणाला, "ज्वारीएवढा झालाय." आमच्याकडे मण्याची साईज बाजरी, ज्वारी, मग हरभरा अशी मोजतात. "नाना इथं असते तर आता डिपिंगची घाई केली असती. आणि ही गर्दी बघ मण्यांची, विरळणीच नाही." त्यांना विरळायचीच नसतात, एक्सपोर्टला अठरा मिलीचा मणी लागतो तसं वाईनला लागत नाही, मणी बारीक तेवढा चांगला. हे त्याला पटत होतं पण बघवत नव्हतं, हात सारखा घडाकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी क्यूका लेकला गेलो, इंग्रजी वाय अक्षरासारखं तळं आहे ते. वाटेत पेन यानच्या बाजूला मेनोनाइट लोकांच्या (जुन्या वळणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) घोडागाड्या रस्त्याच्या कडेने टकटक जात होत्या. एका घरासमोर टेबलावर चेरीच्या पाट्या, पैसे टाकायला पत्र्याचा डबा, विकायला माणूस नाही. आम्ही पाच डॉलर टाकले आणि उगाच आजूबाजूला बघितलं, कुणी बघतंय का ते.

क्यूकाच्या काठी मला कॉन्स्टँटिन फ्रँक या माणसाची गोष्ट कळली, आणि ट्रिपमध्ये ऐकलेलं सगळ्यात जास्त लक्षात काय राहिलं विचाराल तर हीच. युक्रेनचा हा माणूस, द्राक्षातला डॉक्टरेट, पन्नाशी उलटल्यावर १९५१ मध्ये इंग्रजी येत नसताना अमेरिकेत आला. इथल्याच, न्यूयॉर्क स्टेटमधल्या जिनिव्हाच्या कृषी संशोधन केंद्रात त्याला काम मिळालं ते हलकंसलकं. तेव्हा इथे बहुतेक काँकॉर्ड, कटाबा असली देशी द्राक्षं लावायचे, युरोपियन द्राक्ष या थंडीत जगत नाही हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. हा म्हणायचा, आमच्याकडे याहून कडाक्याच्या थंडीत जगतं, चूक थंडीची नाही, मुळाची आहे. कुणी ऐकेना. शेवटी शार्ल फूर्निए नावाच्या फ्रेंच वाईनमेकरने ऐकलं, कारण दोघांना फ्रेंच येत होतं! १९६२ मध्ये फ्रँकने क्यूकाच्या काठावर स्वतःची वाईनरी काढली आणि आज या सगळ्या उतारांवर रीसलिंग उभी आहे.

मी हे नवऱ्याला वाचून दाखवत होते तर तो म्हणाला, त्याहून मोठी गोष्ट १९७६ ची. त्या वर्षी न्यूयॉर्क स्टेटने कायदा केला की छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या द्राक्षांची वाईन करून स्वतःच थेट गिऱ्हाइकाला विकता येईल. त्याआधी मोठ्या कंपन्या घेतील त्या भावाला द्यायची, आणि त्या घेईनाशा झाल्या तर तशीच सोडायची. "म्हणजे व्यापारी मधून गेला," तो म्हणाला. "बाकी चव-बिव नंतर."

मी नानांच्या माळेची आठवण करून दिली. "माळ होतीच," म्हणाला. "पण नानांना भीती होती करार मोडला तर ती द्राक्षं खाणार कोण. थॉमसन निदान बाजारात तरी विकतं." आणि पुढे काही वर्षांनी नाशिकला कंपन्यांनी माल घेणं कमी केलं तेव्हा कित्येकांनी वाईनच्या बागा खरंच तोडल्या. मग तू भांडलास का, असं विचारणार होते, नाही विचारलं.

येताना एका वळणावर निळ्या पाटीसाठी थांबलो, न्यूयॉर्कभर असतात तशी, पिवळ्या अक्षरांची. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकुमाने जनरल सलिव्हनची फौज या तळ्यांच्या काठाने गेली आणि सेनेका, कायुगा या इथल्या मूळ लोकांची गावं जाळत गेली, चाळीसच्या वर गावं. मक्याची शेतं जाळली, फळबागा तोडल्या. तळ्यांना नावं मात्र त्यांचीच ठेवली. टेस्टिंग रूममधल्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये हे नव्हतं, निदान आम्ही उचलली त्यात तरी. नवरा पाटीसमोर बराच वेळ उभा होता. पीचची झाडं होती म्हणे त्यांची. म्हणाला, "घर परत बांधता येतं रे." मला रे म्हणतो तो, तंद्रीत असला की.

शेवटच्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे निफाडला संध्याकाळचे पाच, त्याने स्वतःहून नानांना व्हिडिओ कॉल लावला. मोटेलपासून दहा मिनिटांवरच्या एका बागेच्या कडेला गाडी थांबवून. मी गाडीला टेकून चेरी खात होते. नाना बाहेर खाटेवर बसलेले, मागे पावसाचं आभाळ.

"कुठं हिंडतो रे?"

"नाना, बाग दाखवतो." आणि कॅमेरा फिरवला.

नानांनी आधी काही विचारलं असेल तर "भुरी नाही ना कुठं?" मग, पान उलटं कर. मग, दोन ओळींत अंतर किती. मग, घड दाखव, जवळ घे, अजून जवळ. "ज्वारी झाली की." हां, म्हणाला हा. मग तळं दाखवलं, गोठत नाही ते सांगितलं, मातीचं पांघरूण सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे सहा महिने झोपतं झाड. सुखी आहे. पेस्ट नको, काही नको." मग हळूच मला उद्देशून, "पोरी, चाखली का?" मी म्हटलं, चाखली नाना, रॉकेलचा वास येतो. ते इतके हसले की खोकला लागला.

मग हा खाली बसला आणि खोड दाखवलं. "दोन ठेवतात नाना. थंडीत एक गेलं तर एक राहतं."

नानांनी फोन डोळ्यांजवळ नेला, स्क्रीनवर नुसतं कपाळ आणि बुक्का दिसत होता. "हुशार आहेत," म्हणाले. "आपण एकच ठेवतो."

मग पाऊस आला म्हणून त्यांनी खाट आत घेतली, फोन हातात तसाच हलत होता, अंगण, गोठा, भिंत, परत अंगण, आणि कट झाला.

परतीच्या वाटेवर दोन तास कुणी बोललं नाही. डिकीत सेमी-ड्रायची एक बाटली होती, मी घेतलेली, कोण पिणार माहीत नाही. स्क्रँटनच्या अलीकडे रेस्ट एरियात थांबलो, बाकावर बसून उरलेला चिवडा काढला.

"अँगल दिसले का तुला?" तो म्हणाला.

"कुठले अँगल?"

"नानांच्या मागं. गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवलेत सगळे, वर ताडपत्री टाकलीय. तारेची भेंडोळी पण आहेत."

मी म्हटलं, ते तर भंगारात दिले होते ना.

"हो ना," तो म्हणाला, आणि पिशवीतले शेंगदाणे वेचून खात राहिला.